भुतांच्या गोष्टींशेजारचे पुस्तक

मी, सिन्फोरोसा आबायन, होड्या बांधणाऱ्या लिबोरियो आबायनची विधवा, वय एकाहत्तर, शिक्षण तिसरी आणि पुढचे वाचून वाचून, राहणार सांता एदुविहेस, समार बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. चष्मा लागतो तो अक्षरांना, माणसे ओळखायला नाही. कोणाच्या दडपणाखाली मी हे लिहीत नाही. दडपण आणायला आले होते, ते पुढे सांगते.

१. मला लिबोरियोच्या शेजारी पुरावे. माझ्या शवपेटीपाशी रात्र जागवताना पत्ते खेळायचे त्यांनी खेळावेत, आरडाओरडा मला चालेल. पण मेयर देमेत्रियो बालुनसात यांचे फुलांचे चक्र येईल. आमच्या गावात माणूस गेला की त्यांच्या नावाची पट्टी लावून ते येतेच. लिबोरियोच्या वेळीही आले होते, पट्टीवर नाव त्यांचे मोठे आणि त्याचे बारीक. ते चक्र उंबऱ्याच्या आत घेऊ नये. पट्टी चुलीत घालावी, फुले नणंद पासिताच्या बकरीला.

२. बँकेत जे आहे ते नऊ दिवसांच्या प्रार्थनेला आणि शेवटच्या दिवसाच्या जेवणाला लावावे. डुकराच्या मांसाचे, व्हिनेगरमध्ये शिजवलेले अडोबो करावे, आंबट सढळ हाताने घालून. परदेशी पाककृतीच्या पुस्तकांतले काहीही करू नये. ती मी सगळी वाचली आहेत. त्यांत लोणी आहे, भट्टी आहे, भुकेला माणूस कुठेच नाही.

३. रंधा आणि पटाशा माझी मुलगी लुविमिन हिला. तिचा बाप रंधा मारायचा, मी मोठ्याने वाचायची आणि ती भुशात बसून ऐकायची. कॅनडात तिला होडी बांधायची नाही, हे मला कळते.

४. पुस्तके. ही लुविमिननेच पाठवली, पण मला वाचायला म्हणून नव्हे. खोक्यात साबण आणि डबे हलू नयेत म्हणून तिथल्या लोकांनी टाकून दिलेली पुस्तके ती कोपऱ्यांत ठोसायची. साबण संपला, पुस्तके राहिली. त्यात मनिलाहून आलेल्या आपल्याकडच्या पुस्तकांची भर पडली. घराला लागून असलेल्या माझ्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून मी ती टांगते. कोणीही न्यावीत, वाचून आणावीत. प्रत्येकाच्या मागच्या आतल्या पानावर माझा शेरा आहे. लोक आधी शेराच वाचतात.

आपल्या प्रेमाच्या पातळ कादंबऱ्या: श्रीमंत मुलगा, गरीब मुलगी, मध्ये मुलाची आई. मी आई झाल्यापासून आईच्या बाजूने वाचते. लवकर उठा म्हणजे श्रीमंत व्हाल, असे सांगणारी परदेशी पुस्तके: आमचे कोळी कोंबड्याआधी उठतात, लेखकाने येऊन त्यांची घरे पाहावीत. आमच्या बेटांचे एक प्रवासवर्णन आहे. लेखक लिहितो की इथले लोक वादळानंतरही हसतात. शेरा: याने फक्त दात पाहिले. आमच्या वाराय भाषेतल्या कवितांचे एकच पुस्तक आहे, त्यावर मी काही लिहिलेले नाही. मला लिहायचे होते ते त्यातच होते.

ही सगळी माझी नणंद पासिता हिला. ती मासळी विकते आणि तिने माझ्या एका कादंबरीचा शेवट बोंबलाच्या पाण्यात बुडवला आहे. ते मी विसरलेले नाही. तरी तिलाच, कारण ती भांडत भांडत वाचते. एकदा एक कादंबरी उचलून म्हणाली, “माना,” थोरलीला इथे असेच म्हणतात, “ही रडवते का गं?”

“रडवते, पण फुकट. शेवटी नवरा परत येतो.”

“मग नको बाई. असलं खोटं मी ऐकत नाही.”

अट एकच: हात धुऊन पानाला हात लावायचा आणि एकही शेरा पुसायचा नाही.

खुनाचा तपास लागणारे एक जाड परदेशी पुस्तक मात्र दोरीवर लावू नये. मोठ्या वादळाच्या आदल्या आठवड्यात ते मी लिबोरियोला वाचून दाखवत होते. तो रोज विचारायचा, “कोणी मारलं ते आधी सांग ना.” मी म्हणायची, “थांब की जरा.” तिथून पुढे मी ते वाचलेले नाही. ते माझ्या पेटीत उशाला ठेवावे.

५. आता मेयरसाहेबांचे पुस्तक. मागच्या निवडणुकीआधी तांदूळ आणि सार्डिनच्या डब्याबरोबर ते घरोघर वाटले. त्यांचे चरित्र, भाड्याच्या माणसाकडून लिहून घेतलेले. कागद उत्तम, शिलाई पक्की. मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले, कारण छापलेले काहीही मी अर्धे टाकत नाही, वर सांगितले ते एक सोडून. वादळाच्या प्रकरणात छापले आहे: ‘मेयरसाहेबांनी बांधलेल्या निवारा हॉलमध्ये एकही जीव गेला नाही.’

त्या हॉलचे छप्पर आधी गेले, मग भिंत आली. माझा नवरा त्या भिंतीखाली होता. आमच्या गल्लीतली सात माणसे आम्ही तिथून दारांच्या फळ्यांवर घालून चर्चमध्ये नेली. परदेशी खुनाच्या गोष्टीत एक माणूस मेला, तर कोणी मारले ते कळेपर्यंत पुस्तक संपत नाही. इथे सात मेले आणि एका ओळीत संपले.

मागच्या पानावर शेरा लिहून मी ते पुस्तक भुतांच्या गोष्टींशेजारी टांगले. त्यातही मेलेली माणसे जिवंत आहेत.

मग माझा मुलगा रोडेल आला. तो नगरपालिकेत कारकून आहे. म्हणाला, “नानाय, हॉल नवा केलाय, तिथं वाचनालय होणार. मेयर म्हणतात, तुझी पुस्तकं हवीत, मानाने.”

“नाव कुणाचं?”

“त्यांचंच. कुणाचं असणार? आणि मागचे शेरे तेवढे काढायचे.”

“सगळे?”

“एक तरी.” मग खाली बघून म्हणाला, “एका ओळीसाठी माझी नोकरी घालवशील?”

“एका ओळीत त्यांनी तुझा बाप घालवला.”

तो न जेवता गेला. दुसऱ्या दिवशी दोरीवरून ते पुस्तक काढले, तर मागच्या पानावर पांढरा कागद डकवलेला. डिंक ओला होता. मी वाफ देऊन तो सोडवला. अक्षरे थोडी फुटली आहेत, वाचता येतात.

६. घर आणि दुकान. कायद्याचेही एक पुस्तक दोरीवर आहे. ते कोणी नेत नाही, म्हणून मीच पुन्हा पुन्हा वाचले. मालमत्तेचा अर्धा भाग मुलांचाच, आईला तो अडवता येत नाही. मी अडवत नाही. राहिलेला अर्धा माझ्या मर्जीचा, आणि दुकान त्यात धरावे. ते मी रोडेलला देते, पण असे:

नवव्या दिवशी, जपमाळ संपल्यावर, जेवणाआधी, सगळ्यांसमोर त्याने उभे राहून मेयरसाहेबांच्या पुस्तकातली ती छापील ओळ वाचावी आणि त्यापुढे माझा शेरा वाचावा. नगरपालिकेची माणसे जेवायला येतीलच, त्यांच्यासमोर. शेरा असा आहे: ‘लिबोरियो आबायन गेला. माझ्यासमोर गेला. बाकी सहांची नावे खाली आहेत.’ ती सहाही वाचावीत. न वाचल्यास दुकान पासिताचे. कागद कोणी डकवला हे त्याने सांगायचे नाही, ते मला कोणाला कळवायचे नाही.

७. पासिताला मिळते आहे, म्हणून ती साक्षीदार नाही. यावर ती रुसली आहे. साक्षीदार तीन: दाई कोन्सोर्सिया लाबिनाय, चर्चची घंटा वाजवणारा मेल्कियादेस उय्आनोन आणि तिचाकी चालवणारा एर्विन गायोसा. तिघांना मी इथवरचे वाचायला लावले. सहाव्या कलमाशी एर्विन थांबला.

“माना, हे मोठ्याने वाचू? खिडकी उघडी आहे.”

“म्हणूनच वाच.”

मेयरसाहेबांच्या पुस्तकाचे मागचे पान मी त्याच्यासमोर उघडले. त्याने सातही नावे वाचली. मग मेल्कियादेसने वाचली, मग कोन्सोर्सियाने. रस्त्यावर दोघे उभे राहून ऐकत होते. कोणाची जीभ झडली नाही. रोडेल, तुझीही झडणार नाही.

माझी सही: सिन्फोरोसा आबायन
साक्षीदार: को. लाबिनाय, मे. उय्आनोन, एर्विन गायोसा
सांता एदुविहेस, मृतांचा दिवस, २ नोव्हेंबर २०२४. मेणबत्त्या लावून आल्यावर.