पुदिन्याचा साबण

जाऊबाई,

मी आईकडे चालले आहे. कधी येईन ते माहीत नाही. जेवण करून झाकून ठेवलंय.

खिडकीतल्या बरणीत मी तेलात पुदिना मुरत ठेवला होता, तेव्हा तुम्ही नाक मुरडून म्हणालात, "हा काय पाला सडवत ठेवलाय?" काल त्याच तेलाच्या साबणाच्या वड्या छान कागदात गुंडाळून मैत्रिणींना वाटल्यात. वर म्हणालात, "सगळं माझ्या हातचं हो!" मी आत तुमच्याच पाहुण्यांच्या कपबश्या विसळत होते. कान काही बंद नव्हते माझे.

मला एका शब्दाने विचारलं असतंत, तर सांगितलं असतं. साबण अजून कच्चा आहे. वड्या पाडल्या म्हणजे झालं असं नसतं, महिनाभर फळीवर सुकवावा लागतो. तोवर त्यातला कॉस्टिक सोडा कातडी सोलून काढतो. तेव्हा आधी एकेकीला फोन करा आणि सांगा, तोंडाला लावू नका म्हणावं.

फोन करताना तुम्हाला पहिल्यांदाच माझं नाव आठवेल. घेऊ नका. साबण तुमच्याच हातचा राहू द्या.

धाकटी