कोंबडी धरलेल्या वाघाचा फोटो

होबार्ट, २ मे १९३८

चि. रूपर्ट, अनेक आशीर्वाद.

बाबांचं पाकीट मिळालं. फोटोत झुडपातला टास्मानियाचा वाघ, तोच कुत्र्याएवढा, पाठीवर पट्टे, तोंडात कोंबडी. मागे बाबांचं अक्षर : ‘मार्चात आपल्या टेकडीवर रूपर्टने काढला.’ इथल्या प्राणिबागेतला वाघ मेल्याला दोन वर्षं होत आली. त्यानंतर जिवंत वाघ कुणी आणून दाखवलेला नाही. आमच्या संग्रहालयाचे साहेब हरखलेत. १६ तारखेला चार माणसं तिकडे पाठवतायत.

मी रोज इथल्या पेंढा भरलेल्या वाघांवरची, त्यांच्या पोटाच्या पिशव्यांतलीही, धूळ झटकते, म्हणून विचारते. वाघाच्या जबड्यात असून कोंबडीचं एकही पीस विस्कटलेलं कसं नाही? आणि चुलतबहीण क्लाराच्या लग्नात ज्या कॅमेऱ्याने तू सगळ्यांची डोकी उडवलीस, त्यात हे इतकं स्वच्छ कसं उतरलं?

शंका आहे, मायाही आहेच.

मायरा

बॉथवेल, ६ मे

ती. मायराताईस सा. न. वि. वि.

बाबा अंथरुणावरच आहेत, पण फोटो पाहिल्यापासून दोन वेळा मटणाचं सूप घेतात. वाघ उभा होता, मी टिपला. पिसांची चौकशी त्याच्याकडेच कर. साहेबांना मात्र थांबव. वर फार चिखल आहे.

रागावू नकोस.

रूपर्ट

होबार्ट, १० मे

चि. रूपर्ट, आशीर्वाद.

पाहुण्यांना येऊ नका म्हणणारा तू नव्हेस. फोटो भिंगाखाली धरला. मागच्या पायाच्या आतून टाके दिसतात. मग चर्चच्या पाद्र्यांच्या पत्नीला फोन केला. बाबांनी मारलेली, तिथल्या सभागृहात पेंढा भरून ठेवलेली वाघीण तू मार्चात ‘डागडुजीला’ नेलीस म्हणे. माणसं निघायच्या आत खरं काय ते लिही.

मायरा

बॉथवेल, १३ मे

ती. ताईस सा. न.

तीच ती. बाबांनी जेवण टाकलं होतं. झोपेत सारखं म्हणायचे, आपल्या टेकडीवरची शेवटची मीच मारली. वाटलं, एक जिवंत दाखवावी. हातगाडीवरून टेकडीवर नेली. कोंबडी आपलीच. ते फोटो तुला पाठवतील असं वाटलं नव्हतं. साहेबांना सांग, पण बाबांना नको गं.

रूपर्ट

होबार्ट, १४ मे

चि. रूपर्ट,

साहेबांना सांगितलं. त्यांनी माणसांना थांबवलं. बाबांनाही सांगणार. खोट्यावर त्यांचे डोळे मिटू द्यायचे नाहीत मला. पुढच्या रविवारी येते. तुला दोष देत नाही.

मायरा

बॉथवेल, २७ मे

ती. मायराताईस सा. न. वि. वि.

तू सांगून गेलीस, त्यानंतर बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सूपही परत पाठवलं. मला तुझा फार राग आला होता, हे लपवत नाही.

काल सकाळी त्यांनी वही मागवली. म्हणाले, मायरा सांगत होती, संग्रहालयातल्या निम्म्या वाघांच्या पाट्यांवर नुसतं ‘टास्मानिया’ लिहिलंय. आपल्या वाघिणीचं सगळं नीट लिहून घे. ऑगस्ट १९०८. ओढ्याचं वरचं वळण. एकच गोळी. ती पळाली नव्हती. मला वाटलं संपलं, म्हणून वही मिटली. तेव्हा भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, “पोटाच्या पिशवीत तीन पिल्लं होती. जिवंत. तुमच्या आईलाही सांगितलं नव्हतं. लिही.”

लिहिलं. पाद्रीबाई हो म्हणाल्यात. वाघीण आणि कागद शनिवारच्या मोटारीने पाठवतो. पाटी तूच लिही, ताई. काही गाळू नकोस.

तुझा
रूपर्ट