ब्रेक अजून नवेच आहेत

चिरंजीव जावईबापूंस सासऱ्यांचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही, आमची लेक आणि नातवंडं खुशाल असाल असं धरून चालतो. लेकीचा फोन रोज येतो, पण तो थेट तिच्या आईच्या हातात जातो आणि माझ्यापर्यंत फक्त 'बाबा गोळ्या घेतात ना?' एवढंच झिरपतं. घेतो. गुडघा बरा आहे. तुमच्या सासूबाईंची तब्येत उत्तम आहे, आवाज तर त्याहून उत्तम. काळजी आहे ती एकाच गोष्टीची, आणि ती फोनवर बोलण्यासारखी नाही (फोन स्वयंपाकघरात असतो), म्हणून पत्र लिहायला बसलो.

तर गोष्ट अशी, की सासूबाई आता माझ्या मोटरसायकलवर मागे बसत नाहीत. लग्न झाल्यापासून ती जागा त्यांची. तुमची बायको जन्मली तेव्हा तिला छातीशी धरून त्या दवाखान्यातून त्याच सीटवर बसून घरी आल्या होत्या. पण गेल्या महिन्यात उतारावर समोर झाडूवाल्याची हातगाडी आली आणि आम्ही तिच्यात शिरलो. कोणाला खरचटलंसुद्धा नाही (झाडूंत शिरण्याचा हा एक फायदा). सासूबाई उठल्या, साडी झटकली, एक चांगलासा झाडू निवडून विकत घेतला आणि तो खांद्यावर टाकून चालत घरी गेल्या. तेव्हापासून भाजी आणायला त्या शेजारच्या कंपाउंडरच्या स्कूटरवरून जातात. निवृत्त माणूस आहे, सज्जन आहे, पण हेल्मेटच्या आतून माझ्याकडे बघून हसतो. खरं सांगतो, सकाळी ती स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला की मी चहाचा कप तसाच ठेवून खिडकीशी जातो.

'आधी ब्रेक नीट करा, मग बघू,' असं त्यांचं म्हणणं. अहो, ब्रेक नीटच आहेत! गाडी घेतली तेव्हाचे लायनर अजून आत आहेत. हल्लीच्या पोरांचे बघता बघता झिजून जातात. वस्तू जपून वापरली की टिकते. (चपला मात्र पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. माझ्या तर टाचेकडून चाळणी होतात. मी दिसलो की दुकानदार न विचारताच माझ्या मापाचा जोड काढतो.) तरी त्यांच्या समाधानासाठी रविवारी मागचं चाक काढलं आणि बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून त्यावर मांडलं. मेकॅनिककडे गेलो नाही, कारण मागच्या खेपेला त्याने गाडी बघून 'काका, भंगारात किती म्हणतायत?' असं विचारलं होतं. ड्रम उघडला तर आतले ब्रेक शू कालच बसवल्यासारखे. वर काय चकाकी! सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'यात बघून भांग पाडता येईल.' एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलेलं नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय की ही चकाकी पॉलिश पेपरने घासून काढावी, नाहीतर ब्रेक धरत नाही. जिवावर आलं, पण घासली.

शू परत बसवताना एक स्प्रिंग जी उडाली ती कपाटाखाली. कपाट सरकवलं तर स्प्रिंग नाही, पण सासूबाईंचं फार वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं, ज्याच्यावरून त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीशी अबोला धरला होता. अबोला तिथल्या तिथे सुटला. नणंद-भावजय फोनवर गप्पा मारत बसल्या आणि मी तेवढा वेळ पालथा पडून स्प्रिंग शोधत होतो. शेवटी ती माझ्याच शर्टाच्या खिशात निघाली. नंतर नट आवळताना हात जरा सढळ झाला आणि चाक जागचं हलेना. मी म्हटलं, याला म्हणतात ब्रेक! कंपाउंडर फाटकाशी उभा होताच. 'छान झालं, पण गाडी चालवायचीही आहे ना?' असं विचारून गेला नाही, थांबला. नट सैल केला (त्यानेच केला, पण पाना माझा होता). काल गल्लीत चाचणी घेतली. ब्रेक चिमटीत धरल्यासारखे लागतात. तरी सासूबाईंचा विश्वास बसत नाही आणि मागची सीट रिकामीच आहे. फार ओकंबोकं वाटतं हो.

बाकी सर्व ठीक. मुलांना गोड पापा.

तुमचा,
सासरा

ता. क. तुम्ही इंजिनिअर आहात (लिफ्टचे असलात म्हणून काय झालं, लिफ्टलाही ब्रेक असतोच). 'ब्रेक तपासले, उत्तम आहेत' असं दोन ओळींत लिहून सही करून पाठवा. तुमचा शब्द त्या मोडत नाहीत. गाडी बघायची गरज नाही.

आणखी एक ता. क. तिकडे जाड तळव्याच्या चपला मिळाल्या तर एक जोड धाडा.

ता. क. (हे अक्षर माझं, सासूबाईंचं. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलंय.) सही पाठवू नका. ब्रेक लागायला लागलेत हे मलाही दिसतंय, पण यांनी ते दाबले तर ना! झिजतील म्हणून जन्मभर टाचा घासून गाडी थांबवत आलेत. त्या हातगाडीसमोरही ब्रेक सोडून पायच लावले. कंपाउंडर भला माणूस, पण पावलापावलाला ब्रेक मारतो. घरी येईपर्यंत पालेभाजी सुकते. मला यांच्याच मागे बसायचंय. तेवढ्या चपला मात्र धाडू नका. घरातले सगळे जोड मी लपवून ठेवलेत. उद्या हे अनवाणी निघाले की मी मागे बसते.