मागचा दिवा आणि अण्णांची दाढी

ती. दादास धाकट्या बहिणीचा नमस्कार.

तुझा रक्तदाब, वहिनीची टाच आणि पोरांचं गणित ही तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करते (ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने काळजी आहे). आम्ही सगळे बरे आहोत. तुझं पत्र पोचलं. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतोस आणि मोटारसायकल परत नेतोस हे वाचल्यावर आधी घोटभर पाणी प्यायले आणि मग लिहायला बसले. दादा, तू ये, वहिनीला आण, टेम्पो तेवढा आणू नकोस. कारण सविस्तर लिहिते आहे. पत्राच्या शेवटावर उडी मारायची तुझी खोड मला माहीत आहे, तेव्हा कृपा करून ओळीने वाच.

आधी तुझे उपकार. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देण्याचं आणि जखमा बांधण्याचं काम मला मिळालं, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि तू एकट्याने विचारलंस, की जाणार कशी? मग स्वतःची मोटारसायकल पुसूनपासून दिलीस (किकची दांडी मोडलेली होती, पण दिलेल्या गाईचे दात मी मोजले नाहीत). त्या गाडीवर माझं घर चालतं. माझ्या पेशंटांतल्या साखरेच्या आजी सकाळी इंजेक्शन घेतल्याशिवाय घास खात नाहीत आणि मला उशीर झाला की खिडकीत बसून अख्ख्या गल्लीला उपाशी असल्याचं सांगतात. असं असताना पावणेदोन महिने ही गाडी रोज सकाळी मेलेली असायची. बटण दाबलं की आतून नुसती टिकटिक, आणि हॉर्न सर्दी झाल्यासारखा.

तू लिहिलंस, बॅटरीचं वय झालं असेल, तीन-चार वर्षांवर ती टिकत नाही. पटलं. तुझं बॅटरीचं दुकान, तेव्हा तुझा शब्द आमच्या घरात काळ्या दगडावरची रेघ. तू नवी पाठवलीस, तीही आठवड्यात झोपली. मग तू लिहिलंस, टोकांवर पांढरी बुरशी धरली असेल, ती घासून व्हॅसलीन लाव. घासली (ह्यांच्या दात घासायच्या ब्रशने, ह्यांना अजून सांगितलेलं नाही). मग गॅरेजवाल्याने चार्जिंगचा दोष काढला आणि रेग्युलेटर बदलला. मग आमच्या ह्यांनी, जे शाळेत भूगोल शिकवतात, शेजाऱ्याकडून मीटर आणून इंजिन चालू असताना बॅटरीला लावला. काटा हवा तेवढा वर चढला. म्हणजे चार्जिंग उत्तम. दिवसभर गाडी पोटभर जेवायची आणि सकाळी उपाशी उठायची. ह्यांनी निष्कर्ष काढला की हवेत दमटपणा आहे. भूगोलाच्या माणसाकडून आणखी काय निघणार?

आता अण्णांकडे येते. माझे सासरे तुला लग्नात भेटले तेवढेच. जन्मभर बस चालवली, आणि डोळ्यांमुळे परवाना गेल्यापासून फाटकाच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. दाढी वाढवून खुर्चीत बसायचे. आम्ही चला म्हटलं की म्हणायचे, बाहेर काय आहे? घरात त्यांनी एकच खातं सांभाळलं होतं, ते म्हणजे पाकिटं चिकटवायचं. आम्ही चिकटवलेली वाटेत उघडतात असं त्यांचं ठाम मत आहे.

तर गाडी पहिल्यांदा अडली त्या दिवशी हे शाळेत गेलेले, आजी खिडकीत बसलेल्या, आणि मी रडकुंडीला आलेली. अण्णा उठले, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "दुसऱ्या गिअरमध्ये टाक, मी सांगेन तेव्हा क्लच सोड." गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ढकलत आले. गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की अण्णा रोज सकाळी दाढी करून, बूट घालून तयार असतात. कोपऱ्यावरचा शिंपी त्यांना चहा पाजायला लागला. गाडी सुरू झाली की अण्णा मागून असा हात करायचे, की जणू बसभर प्रवाशांना घेऊन मीच निघाले आहे. परतायला त्यांना तास लागायचा. दादा, तुला शिव्या घालत ढकलगाडीवर बसायचे मी, आणि मनातून सुखी असायचे.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी दिवे गेले. मेणबत्ती शोधायला ओसरीवर आले तर गाडीमागच्या भिंतीवर लाल डाग. गाडीचा मागचा दिवा जळत होता आणि किल्ली तर दाराच्या खिळ्याला. तुझ्या त्या जुन्या गाडीला डावीकडे एक खाच आहे ना, किल्ली तिथवर फिरवून काढून घेतली तरी मागचा दिवा चालू राहतो? अण्णा रोज संध्याकाळी मी स्वयंपाकात असताना गाडी तपासत होते. पुढचा दिवा, हॉर्न, सिग्नल, जसं डेपोत करायचे तसं सगळं. आणि शेवटी किल्ली त्या खाचेत. उभ्या गाडीला मागे दिवा नसेल तर मागून येणारा आदळतो, म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, मागे भिंत आहे. त्यावर म्हणाले, भिंतीचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. रात्रभर तो एवढासा दिवा बॅटरी पिऊन टाकायचा, आणि दिव्याची लाली आम्हाला दिसू नये म्हणूनच जणू मी गाडीची पाठ भिंतीला लावत होते.

मी त्यांना खाच दाखवली आणि बॅटरी कुठे जाते ते सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरला. आजी आपल्यामुळे उपाशी राहिल्या म्हणाले. बुधवारी सकाळी बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू. अण्णा दारात बूट घालून, बाह्या सारून उभे होते. त्यांनी बाह्या खाली केल्या आणि आत गेले. आज रविवार आला तरी दाढी केलेली नाही. गाडी दुरुस्त झाली म्हणून इतकं वाईट वाटलेली बाई तुझ्या दुकानात कधी आली होती का?

तर गाडीत दोष नाही, बॅटरीत नाही, रेग्युलेटर फुकट बदलला आणि टेम्पोची गरज नाही. तू दिलेल्या गाडीने दोन घरं चालवली, एक माझं आणि एक अण्णांच्या मनातलं. त्याबद्दल मी जन्मभर तुझी ऋणी आहे. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. : येताना बॅटरी आणू नकोस, पण येण्याआधी अण्णांच्या नावाने एक पत्र टाक. त्यात दुकानदार म्हणून लिही, की नव्या बॅटरीचं आयुष्य वाढवायचं तर सकाळी बटण वापरू नये, जाणत्या माणसाने गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलून सुरू करून द्यावी. हे शुद्ध खोटं आहे हे मला माहीत आहे. तुलाही. पण तुझ्या अक्षरात ते खरं वाटेल.

आणखी ता. क. : व्हॅसलीन संपलं. ब्रशचं ह्यांना सांगू नकोस.

(याखाली वेगळ्या शाईत)

सप्रेम नमस्कार. पाकीट चिकटवायला घेतलं, तेव्हा नजर गेली. चष्म्याने अक्षर बरं दिसतं. ढकलून बॅटरीचं आयुष्य वाढत नाही, हे बस चालवलेल्या माणसाला कळतं. तरी आपण तसं लिहून पाठवावं, मी विश्वास ठेवीन. सूनबाईला खोटं बोलता येत नाही, तिला कुणीतरी हातभार लावायला हवा. दाढी आत्ताच केली. पत्र लवकर मिळावं म्हणून पेटीपर्यंत मीच चालत चाललो आहे.