सांडव्याच्या फळ्यांबाबत

लिहून ठेवते ते असे. मी, शाळांचे गणवेश शिवता शिवता म्हातारी झालेली बाई, शाबूत डोक्याने आणि कोणाच्याही धाकाशिवाय माझी शेवटची इच्छा कागदावर आणते आहे. आधीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे. डोके शाबूत असल्याची खात्री डॉक्टरांनी समोर बसून करून घेतली. त्यांनी आजचा वार विचारला, तो मी सांगितला. वर त्यांच्या शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे हेही सांगितले. त्यांनी लगेच दाखला लिहिला.

दाखल्याची गरज अशी, की पुढचा मजकूर वाचून माझा मुलगा "आईला भ्रम झाला होता" म्हणत कोर्टाची पायरी चढेल. म्हणून जे घडले तेवढेच मी लिहिणार आहे. ते कोणी केले, हे लिहिणार नाही.

१. टेकडीवरचे राहते घर मुलाला. छप्पर गळते, ते त्याला ठाऊक आहे. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना सारखी.

२. शिलाईचे मशीन आणि मोठी कात्री मुलीला. ही कात्री नणंदेने दोनदा मागून नेली आणि कागद कापून तिची धार घालवली. नणंदेला माझ्याकडून काही नाही, आणि का नाही ते तिला बरोबर कळेल.

३. तळे. माझ्या दिवंगत पतींनी छापखाना विकून ओढ्यावर मातीचा बांध घातला आणि सुटीच्या दिवशी लोकांना नावेत फिरवण्यासाठी हे तळे केले. जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून बांधाच्या टोकाला सांडवा आहे. त्याच्या तोंडाशी खाचा पाडून ते फळ्या बसवत, म्हणजे पाणी हातभर चढे आणि तळे काठोकाठ दिसे. एका इंजिनिअरांनी त्यांना बजावले होते, "साहेब, पाण्याची वाट अडवू नका. मातीच्या बांधावरून पाणी वाहिलं की बांध गेलाच म्हणून समजा." यांनी त्यांना चहा पाजला आणि फळ्या तशाच ठेवल्या.

तळे मला मिळाले ते त्यांच्या मृत्युपत्राने, आणि अटीसह: मी जिवंत आहे तोवर ते रिकामे करायचे नाही, पुढे मी ते कोणालाही द्यावे. जिवंतपणी त्यांच्याशी भांडून मी कधी जिंकले नाही, तर आता कुठे जिंकणार? अट पाळली.

४. बांधाच्या बरोबर खाली माझ्या मुलीचे घर आहे. जावई वेल्डर, दोन लहान मुले. जमीन स्वस्तात मिळाली तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. आता बांधाची त्यांच्या बाजूची माती भर उन्हाळ्यातही ओली असते, पाणी आतून झिरपते आहे. म्हणून मी नावा दुरुस्त करणाऱ्या सुताराला सांगून सांडव्याच्या फळ्या काढवल्या. फळ्या काढणे म्हणजे तळे रिकामे करणे नव्हे, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

दुसऱ्या दिवशी फळ्या जागेवर होत्या.

पुन्हा काढल्या, पुन्हा लागल्या. मुलगा म्हणाला, "आई, तूच लावतेस आणि विसरतेस." मी म्हटले, "भिजून फुगलेली फळी हलवायला दोन गडी लागतात रे. मला लोणच्याची बरणी उघडवत नाही." सुताराने फळ्या आपल्या कारखान्यात कुलपात ठेवल्या. सकाळी तो धापा टाकत आला. "बाई, कुलूप जसंच्या तसं आहे. फळ्या सांडव्यात."

मग आम्ही त्या जाळल्या. राख मी स्वतः पाहिली. त्यानंतर सांडव्यात ज्या फळ्या लागल्या त्या काळ्या होत्या, त्यांना तळाचा गाळ चिकटलेला होता. सुताराने त्यांवरून हात फिरवला आणि एकेक खिळा चाचपला. "बाई, हे खिळे माझ्या हातचे. ही मागे तळ्यात बुडालेली आपली नाव आहे." मुलगा तेव्हा परगावी होता. परत आल्यावर त्याने त्या फळ्या पाहिल्या. तेव्हापासून तो सांडव्याकडे फिरकलेला नाही.

मी मुलीला म्हटले, पोरांना घेऊन निघून जा. ती म्हणाली, "कुठे जाऊ आई? आणि हे घर घेणार कोण? माझ्यासारखीच कुणी तरी. तिच्या पोरांना मारू?" मी माझी गादी गुंडाळली आणि तिच्याकडे राहायला आले.

पहिल्याच सकाळी फळ्या काठावर रचून ठेवलेल्या होत्या. कडेला कड लावून, छापखान्यात कागद रचतात तशा.

मध्ये एकदा मी टेकडीवरच्या घरी मुक्कामाला गेले. फळ्या लागल्या. खाली परतले, निघाल्या. याचा अर्थ मी डॉक्टरांसमोर सांगणार नाही. पण चाळीस वर्षे मी तळ्याच्या नावाने बोटे मोडली, यांचा तळ्यावर आमच्यापेक्षा जास्त जीव आहे म्हणून रडले, ते सगळे मी आज मागे घेते. नातवंडांचा विचार मात्र त्यांच्या मनात येत नाही, हे मला माफ करता येत नाही.

५. तळे, बांध आणि सांडवा मुलीला. ज्याचे जळते त्याला कळते. मुलाने यात हात घालू नये. नावा त्याच्या, त्या त्याने विकाव्यात.

६. माझा शेवटचा श्वास गेला, की पतींची अट संपली. त्याच तासाला सांडवा खोल करायला घ्यावा. बांध मधोमध फोडू नये; कडेने खोदत जावे, पाणी ओढ्याच्या जुन्या वाटेने जाईल. बहुधा एक दिवस लागेल. तोवर मला या घरातून हलवू नये. बर्फ आणावा, दार लोटून घ्यावे, नातेवाइकांनी घाई केली तर त्यांना खुशाल बाहेर बसवावे. मी खाली आहे तोवरच फळ्या लागणार नाहीत. पाणी निम्म्याखाली गेले, की मग मला उचला. इतकी वर्षे तळ्यापायी यांची वाट पाहत माझे जेवण निवले. एक दिवस मीही ताटकळेन.

हे सारे मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे.

स्थळ: मुलीचे घर, बांधाखाली. तारीख डॉक्टरांनी त्यांच्या हाताने घातली आहे.

सही: (लिहून ठेवणार)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. कलम चारबद्दल माझे काही म्हणणे नाही.

साक्षीदार दुसरा: सुतार. सही माझ्यासमोर झाली. खोदायला मी स्वतः येईन, आणि पाणी उतरेपर्यंत बाईंच्या उशाशी कोणी तरी जागे बसलेले असेल.