ज्युदित्ताच्या तलवारीवरचं नाव

प्रोस्पेरो काका,

आव्हेर्साच्या नोटरीसाहेबांना, म्हणजे आमच्या घरातल्या सर्वांत वडील आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाला, नेपल्सहून पुतणी तार्सियाचा गुडघे टेकून नमस्कार. तुमचा संधिवात कसा आहे? काकूंनी पाठवलेलं म्हशीच्या दुधाचं चीज पोचलं. (निम्मं पोचलं. उरलेलं तुमच्या इग्नाझियोने वाटेतच चाखून पाहिलं, खराब तर झालं नाही ना म्हणून.)

तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. दोन वर्षं झाली, त्यांना खिडकी कुठे आहे एवढंच दिसतं. पण ऐकू अजून उत्तम येतं, तेव्हा इतक्या मोठ्या अक्षरांत रागावायची गरज नव्हती. मठासाठी मी काढलेल्या बायबलमधल्या ज्युदित्ताच्या बाह्या मनगटापर्यंत हव्यात, तिची नजर आभाळाकडे हवी, आणि चित्रावर नाव इग्नाझियोचं हवं, कारण घराण्याचं नाव बाईने चित्रावर लिहिलेलं शोभत नाही, असं तुम्ही म्हणता. बरं. आधी नजरेचं बघू. एका विधवेने गावाला वेढा घालून बसलेल्या ओलोफेर्नेच्या तंबूत शिरायचं, त्या दांडग्या सेनापतीचं मुंडकं उतरवायचं, आणि तेही आभाळाकडे बघत? काका, तुम्ही स्वतःची नखं तरी वर बघून कापता का?

बाह्यांची कथा तर ऐकाच. ज्युदित्ता म्हणून मी आमच्या कार्मोसिना धोबिणीला उभं केलं होतं (दंड असे, की ओल्या चादरी तिला बघूनच पिळल्या जातात) आणि ओलोफेर्ने म्हणून तुमच्या चिरंजीवांना आडवं केलं. बाबांकडे चित्रकला शिकायला आल्यापासून दोन वर्षांत त्यांना आडवं पडणं तेवढं उत्तम जमू लागलंय. मी कार्मोसिनाला सांगितलं, केस हलकेच धर, जरा सोज्वळ दिसू दे. तिने दोन बोटांत बट धरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं पोरी, मी कोंबडीसुद्धा अशी धरत नाही. सरक तिकडे." मग बाह्या कोपराच्या वर सारल्या, इग्नाझियोच्या छातीवर गुडघा रोवला आणि झिंज्या मुठीत धरल्या. तो असा किंचाळला की शेजारच्या बायका पोळपाटासारख्या लाकडी फळ्या घेऊन धावत आल्या. त्याच क्षणी मला माझं चित्र दिसलं. इग्नाझियो मात्र पुन्हा आडवा व्हायला तयार होईना, त्यामुळे ओलोफेर्नेचा चेहरा मला आठवणीतून काढावा लागला.

आता नावाचं. तुमच्या सांगण्यावरून इग्नाझियो मठात गेला आणि जाळीआड बसलेल्या मठप्रमुख मदर एउफ्राझियांना म्हणाला, "चित्र मी काढलंय." त्यांनी करारनामा मागवला. काका, तो तुमच्याच सुंदर अक्षरातला आहे. 'प्रत्येक मुख व प्रत्येक हात चित्रकाराने स्वहस्ते काढलेला असावा. शंका आल्यास मठाने समक्ष परीक्षा घ्यावी.' मदरनी जाळीतून हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, "हा काढ." तुमच्या लेकाने घाम पुसत पुसत काढला. आतून स्वयंपाकाच्या सिस्टरने विचारलं, "ही मुळ्याची जुडी कुणी आणली?" आणि मग सगळ्या जाळीला हसू फुटलं.

नंतर मला बोलावलं. मी काढला. त्यांचा हात म्हातारा आहे, अंगठ्यावर भाजल्याची जुनी खूण आहे, तीही काढली. मदरनी कागदावरच्या खुणेशेजारी आपला अंगठा ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, "नाव घाल, पोरी. रक्ताने झाकलं जाणार नाही अशा जागी."

घातलं. तलवारीच्या पात्यावर, मुठीजवळ, ठसठशीत. अकरा वर्षं मी बाबांच्या नावाखाली काढलं आणि आनंदाने काढलं, कारण ब्रश धरायला त्यांनी शिकवलं. इग्नाझियोच्या नावाखाली मी एक नखही काढणार नाही. मग तुम्ही मला घराबाहेर काढा, वाळीत टाका, नाहीतर काकूंचं चीज बंद करा. (चीजचा तेवढा पुन्हा विचार व्हावा.)

तुमची आज्ञाधारक पुतणी,
तार्सिया

ता. क. : परवा बाबांनी वाळलेल्या चित्रावरून बोटं फिरवली. (रंग मी जाड लावते, तुम्हाला तेही आवडत नाही.) कार्मोसिनाच्या मुठीपाशी थांबले, मग ओलोफेर्नेच्या कपाळावर, नाकावर, दाढीवर आले, आणि एकदम खो खो हसत सुटले. दोन वर्षांत पहिल्यांदा हसले हो! म्हणाले, "अगं, हा तर आपला प्रोस्पेरो!" मी काय करू, काका? आठवणीतून काढताना माझ्यापुढे तुमचं पत्र उघडं होतं.

आणखी एक ता. क. : खरं म्हणजे यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. त्याच करारात पुढे तुम्हीच लिहिलंय, की चित्र ताब्यात घेताना नोटरीने त्याच्यासमोर उभं राहून ते कुणाच्या हातचं हे नावानिशी लिहावं आणि खाली सही करावी. तेव्हा सांता आन्नाच्या सणाला सकाळी मठात यावं. सगळ्या सिस्टर वाट बघताहेत. येताना दाढी मात्र करू नका.