एकेचाळीस नंबरचा खण

क्लीव्हलंड
२८ एप्रिल २०११

प्रिय कर्ट,

फेब्रुवारीत तू विसरून गेलेले हातमोजे मी अजून पाठवलेले नाहीत. पाकिटात घातलेत, पण वर पत्ता लिहायचा म्हटलं की जिवावर येतं. कॅलिफोर्नियात तुला ते लागणार तरी कुठे, अशी मनाची समजूत घालते आणि पाकीट पुन्हा रेडिओमागे ठेवते.

फोनवर तू कशी आहेस विचारतोस आणि मी बरी आहे म्हणते. ते काही खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. मला काही होतच नाही, कर्ट. भूक लागत नाही, पण ताटात वाढलेलं संपवते. लॅडच्या, तुझ्या बाबांच्या, बहिणीने दफनाच्या दिवशी केलेली अक्रोड भरलेल्या गोड पावाची पोतित्सा महिनाभर पुरली आणि शेवटचा तुकडा बुरसटल्याचं तो अर्धा खाल्ल्यावर माझ्या लक्षात आलं. सगळ्या बायका म्हणतात, रडून घे. रडू यायला पाहिजे ना! चर्चच्या शुक्रवारच्या मासे-जेवणाला गेले, तिथे तुझ्या वडिलांची खुर्ची रिकामी ठेवली होती. मी तिच्यावर माझा कोट ठेवला आणि जेवले.

दुकानाबद्दल लिहायचं म्हणून बसले होते, ते राहूनच जाईल. आपल्या कॉमिक्सच्या धंद्याची रीत तुला माहीत आहे: ऑर्डर तीन महिने आधी द्यायची आणि एकदा दिली की माल परत नाही. लॅडने शेवटचा ऑर्डरचा कागद जानेवारीच्या अखेरीस भरला आणि नऊ फेब्रुवारीला तो गेला. पण खोकी येतच राहिली. मंगळवार आला की ट्रकवाला दारात, खोक्यावर नाव लॅडिस्लाव झुपान. माणूस सेंट क्लेअरच्या दफनभूमीत आणि त्याचा माल दुकानात. ज्याचे अंक आपण सात नंबरच्या खणात ठेवतो तो वेंडेल, बसचा ड्रायव्हर, पहिल्या बुधवारी काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "डोलोरेस, तुझा नवरा गेलाय ना नक्की? मग हे मागवतंय कोण? त्याला म्हणावं, तिकडूनही हात आखडता घेत नाहीस होय रे?" मी हसले. तो मात्र हसता हसता रडला आणि मलाच त्याला रुमाल द्यावा लागला.

फेब्रुवारी आणि मार्चचे कागद मी कोरेच ठेवले. ठरवून नाही. समोर घेऊन बसायचे आणि तासाभराने तसेच उचलून ठेवायचे. आता एप्रिलचा कागद टेबलावर आहे, उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचा. हाही कोरा राहिला की वितरक आपलं खातं बंद करणार, म्हणजे चौतीस वर्षांचं दुकान बंद.

या मंगळवारी लॅडने मागवलेलं शेवटचं खोकं आलं. त्यात काय होतं, ओळख पाहू. क्रेस्टनच्या, म्हणजे तुझ्या कंपनीच्या वैऱ्यांच्या, एकाच अंकाच्या साठ प्रती! खपतात वीस. उरलेल्या चाळीस कुणाच्या डोक्यावर मारू? पण तुझ्याशी भांडण झाल्यापासून तो हेच करत आला. तुझ्या हडसन कंपनीने अंकाची किंमत दोन नव्व्याण्णववरून तीन नव्व्याण्णव डॉलर केली, तेव्हा दुकानदारांना आलेल्या पत्रावर सही तुझ्या साहेबाची होती, पण मजकूर तुझा. "वाचकाला अधिक मूल्य मिळेल" हे वाक्य वाचल्याबरोबर लॅड म्हणाला, "हे आपल्या पोराचं. शाळेच्या निबंधातही हा असाच पाणी घालायचा." मग त्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं. "काय अधिक मिळणार रे? जाहिराती?" तो ओरडला, आणि तू म्हणालास, "तुमच्या लाडक्या क्रेस्टनने किंमत तीच ठेवली आणि दोन पानं कापली, ते नाही दिसत?" ते खरंच होतं. क्रेस्टनने गिऱ्हाइकाच्या तोंडाला पानं पुसली, तीसुद्धा दोन कमी. लॅडला ते कळत नव्हतं असं नाही. पण मग तू म्हणालास, "बाबा, अंकांवरून निघणाऱ्या पिक्चरला कोट्यवधी माणसं येतील. अंक घेणारे पन्नास हजार. अंक म्हणजे आता पिक्चरची जाहिरात, एवढं साधं आहे." त्यावर त्याने फोन माझ्या हातात दिला आणि भाजीला पाणी घालायला मागे गेला.

दुसऱ्या दिवशी हडसनचा सगळा माल त्याने मागच्या भिंतीला, संडासाच्या दाराशेजारच्या खालच्या फळीवर नेऊन लावला. वर पाटी: 'डॉलर जड झाला असेल तर इथे वाका.' गिऱ्हाइकं वाकून वाकून वैतागली. वेंडेल म्हणायचा, "लॅड, माझ्या पाठीचा खर्च तुझ्या पोराकडून वसूल कर." त्यानंतर चार वर्षं तुम्ही दोघं माझ्यामार्फतच बोललात. बाबांना सांग, कर्टला सांग. मी तेव्हा मध्ये पडायला हवं होतं. मी निरोप्याचं काम केलं आणि त्यालाच शांतता समजत बसले.

मार्चमध्ये मी गिऱ्हाइकांचे खण लावायला घेतले. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचे ठरलेले अंक बाजूला काढलेले. एकेचाळीस नंबर गच्च भरलेला होता, खालच्या दोन कपाटांतही त्याचंच. चार वर्षांत तिथून कुणी काही नेलेलं मला आठवेना. कोणी बुडवलं म्हणावं तर प्रत्येक अंकाला बिल जोडलेलं, पूर्ण तीन नव्व्याण्णवचं, मालकाची सूटही न घेता. सगळा हडसनचा माल. मी गिऱ्हाइकांच्या कार्डांचा डबा काढला. एकेचाळीसच्या कार्डावर लॅडच्या अक्षरात तुझं नाव होतं.

मग एक अंक उघडला. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत कंपनीच्या माणसांची नावं असतात ना, त्यात विक्री विभागात तुझं नाव, आणि त्याखाली पेन्सिलीची रेघ. पुढच्या अंकात रेघ, त्याच्या पुढच्यात रेघ. कर्ट, हा तोच माणूस, ज्याने पानाचा कोपरा दुमडला म्हणून चर्चच्या डीकनला दुकानाबाहेर काढलं होतं. अंकाला बोट लावायच्या आधी हात धुऊन पुसणारा. कोऱ्या अंकावर पेन्सिल ओढली म्हणजे त्याची किंमत गेली, हे मला त्यानेच शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तू पिक्चरच्या खात्यात गेलास आणि अंकांवर तुझं नाव यायचं बंद झालं. तिथून पुढे रेघा नाहीत, पण अंक आहेत, एकही चुकलेला नाही. वेंडेलला विचारलं तर म्हणाला, "मला माहीत होतं गं. दर बुधवारी स्वतःच्या गल्ल्यात स्वतःच पैसे टाकायचा. मी चिडवलं तर म्हणाला, तोंड उघडलंस तर तुझा खण बंद करीन." एवढं ऐकूनही मला काही झालं नाही. मी जमिनीवर बसून राहिले आणि गुडघे दुखायला लागले तेव्हा उठले.

त्याच आठवड्यात तुमच्या हडसनचा पिक्चर 'ग्रे हेरन' लागला होता. दुपारच्या खेळाला गेले. पिक्चर म्हणशील तर इमारती पडत होत्या आणि तो राखाडी माणूस उडत होता, बरं केलंय. संपल्यावर कुणी उठेना. शेवटच्या नावांनंतर आणखी एक प्रसंग असतो म्हणे. मी तुझ्या नावासाठी थांबले. शेकडो नावांत ते आलं आणि गेलं. लॅड शेजारी असता तर त्याला दाखवलं असतं, तसं मी अंधारात पडद्याकडे बोट केलं. शेजारच्या पोरीने मला विचारलं, "तुमचं कोणी आहे का?" मी म्हटलं, "मुलगा." तिने टाळ्या वाजवल्या. मला तेव्हाही काही वाटलं नाही, आणि आपल्याला काहीच वाटत नाही याची मात्र भीती वाटली.

आता मुद्द्याचं. ऑर्डरचा कागद मी भरणार नाही. भाड्याचा करार जूनअखेर संपतोय, तो वाढवायचा नाही असं मी घरमालकाला सांगून आले. गिऱ्हाइकांनाही सांगितलंय. लॅडचा एक नियम होता, तू कॅलिफोर्नियाला गेल्यानंतर त्याने केलेला: खण बंद करायचा तर ज्याचा त्याने काउंटरवर येऊन सांगायचं. फोन नाही, चिठ्ठी नाही, बायकोकरवी निरोप नाही. महागाई झाली की लोकांना लाज वाटते आणि ते न सांगताच यायचे बंद होतात; समोर येऊन सांगितलं तर निदान हात मिळवून जातात, असं तो म्हणायचा. चौसष्ट खणांपैकी त्रेसष्टांची माणसं येऊन गेली. वेंडेल तर गणवेशातच आला, बस बाहेर उभी करून, आतले प्रवासी खोळंबलेले. एकेचाळीस नंबर अजून उघडा आहे. तुझ्यातर्फे मी तो बंद करणार नाही, तुमचे निरोप मी पुष्कळ पोचवले. मी बुधवारी अकराला दुकान उघडते. ये आणि काउंटरवर मला तुझ्या तोंडाने सांग. मला रडायचंय, कर्ट, आणि ते एकटीने होत नाहीये.

तुझीच,
आई